पगार कोनले शे? : पैशांच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी, अमळनेर

७ जुलै २०२५, सोमवार

प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच ठरलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसाठी 'वैयक्तिक अर्थनियोजन' हा उपक्रम, दर शनिवारी शेवटच्या तासानंतर दीड तास, एकूण बारा सत्रं. विषय कॉमर्सचा, म्हणून माझ्या गळ्यात. खर्चाची तरतूद झेरॉक्सपुरती, तीही आधी विचारून. शेवटी अहवाल द्यायचाय, त्यासाठी या नोंदी. अहवालात जाईल ते भांग पाडून जाईल, इथं जसं घडेल तसं.

एकतीस नावं आली. बीए, बीकॉम, बीएस्सी, सगळी खिचडी. निम्म्याहून जास्त पोरं मारवड, पातोंडा, कळमसरे, दहिवदहून एसटीच्या पासावर येणारी. पहिली अट त्यांनीच घातली: गाडी चुकायला नको.

१२ जुलै, शनिवार

पहिलं सत्र पडलं.

इंटरनेटवरून उचललेला ५०-३०-२० चा नियम घेऊन गेलो होतो. उत्पन्नातले ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला. पडद्यावर पहिलीच ओळ, 'तुमच्या घराचे मासिक उत्पन्न लिहा'. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, पगार कोनले शे?"

वर्ग हसला, मीही हसलो. मग हात वर करायला लावले. दर महिन्याला ठरल्या तारखेला ठरलेला पगार कुणाच्या घरी येतो? चार हात. एकीचे वडील एसटीत चालक, एकाची आई अंगणवाडी सेविका, एकाचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत, एकाचा भाऊ पुण्याला कंपनीत. उरलेल्या सत्तावीस घरांत शेती, शेतमजुरी, टपरी, शिवणकाम, सेंटरिंग. "बरं, समजा महिन्याला वीस हजार येतात," असं मी रेटून बघितलं. समजायला कुणी तयार नव्हतं. वीस मिनिटं आधीच सोडलं. कळमसऱ्याच्या पोरांना आधीची गाडी मिळाली, तेवढाच फायदा.

१३ जुलै, रविवार

रात्री झोप लागेना, कारण तो प्रश्न मलाही लागू होता. मी तासिका तत्त्वावर. तासाला मानधन, आणि ते येतं तेव्हा तीन-चार महिन्यांचं एकदम. गेल्या वर्षी जुलैत शिकवलेल्याचे पैसे दिवाळी उलटल्यावर हातात पडले. तोवर किराणावाल्याच्या वहीत माझं पान भरत होतं. ज्याचं स्वतःचं घर महिन्यावर चालत नाही, तो सत्तावीस घरांना महिन्याचं अंदाजपत्रक शिकवायला निघाला होता.

पीपीटी बाजूला ठेवली. महिना सोडायचा, वर्ष घ्यायचं. भित्तिपत्रक स्पर्धेचे मोठे कागद कपाटात उरलेत, त्यांची मागची बाजू कोरी आहे. बारा रकाने आखायचे, वर 'आवक', खाली 'जावक'. रक्कम लिहायची सक्ती नाही, फक्त कधी येतात आणि कधी जातात एवढंच.

१९ जुलै, शनिवार

आज वेळ पुरला नाही. गेल्या वेळेच्या बरोब्बर उलट.

पाच-पाच जणांचे गट केले. पहिल्या पाच मिनिटांतच भांडण: वर्ष जानेवारीपासून लिहायचं की जूनपासून? शेतीवाल्यांचं वर्ष पेरणीला सुरू होतं. एक मुलगा म्हणाला, आमचं वर्ष आखाजीला सुरू होतं. त्याचे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. खान्देशात सालदारकी ठरते अक्षय्य तृतीयेला, तेव्हाच जुनं साल संपतं आणि नवं धरतात. वर्षाचे एक लाख वीस हजार ठरलेत, त्यातले चाळीस हजार उचल म्हणून आखाजीलाच घेतले, बहिणीच्या लग्नाचं देणं होतं. मग दिवाळीला थोडे, मध्ये आजारपणात थोडे. साल संपताना हातात काय येतं? "नवी उचल," तो म्हणाला. वर्गातला सगळ्यात नेमका हिशेब त्यानं दोन शब्दांत मांडला. मी 'कर्जाचा सापळा' या शीर्षकाची स्लाइड केली होती, ती उघडलीच नाही.

कागद भिंतीवर लावल्यावर जे दिसलं ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. आवकेचे रकाने ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत गच्च: कापूस, मका. मार्चमध्ये थोडा गहू-हरभरा. जावकेचे रकाने बरोबर उलट्या टोकाला. जूनमध्ये बी-खत, जुलैत निंदणी आणि कॉलेजची फी, ऑगस्टमध्ये फवारणी आणि सण, एप्रिल-मेमध्ये लग्नं. जून ते सप्टेंबर आवकेची ओळ जवळजवळ कोरी. आणि त्या कोऱ्या ओळीत सत्तावीसपैकी बहुतेक घरांत एकच आकडा दर महिन्याला: १,५००. आईच्या खात्यावर, लाडकी बहीण योजनेचे. पातोंड्याची एक मुलगी ते बघून म्हणाली, "म्हणजे आमच्या घरात पगार माझ्या मायलाच आहे." कुणी हसलं नाही.

पीएम-किसानचे आणि नमो शेतकरीचे वर्षाला सहा-सहा हजार, तेही दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी. ज्यांच्याकडे म्हैस आहे त्यांना डेअरीचं दहा दिवसांचं बिल. एकूण, पैसा येतो तो ढिगानं किंवा चिल्लर. मधलं काही नाही. पुढची सगळी सत्रं या कागदांवरूनच घेणार.

२६ जुलै, शनिवार

खर्च लिहायचा सराव. आठवडाभराचा खर्च लिहून आणा म्हटलं होतं, एकतीसपैकी नऊ जणांनी आणला. त्यातल्या चौघांच्या वह्या आदल्या रात्री एकाच पेनानं लिहिलेल्या. चालायचंच.

वही सोडून मोबाइल उघडायला लावले. यूपीआयच्या ॲपमध्ये जुने व्यवहार असतात, ते खोटं बोलत नाहीत. दहा, वीस, दहा, पंधरा, दहा. चहा, वडापाव, झेरॉक्स, पुन्हा चहा. एका मुलाचे महिन्यात चहाचेच सहाशे साठ निघाले आणि मित्रांनी त्याला लगेच 'चहावाला' करून टाकलं. मी त्याला म्हटलं, चहा सोडू नकोस, फक्त आकडा माहीत असू दे. हे ठरवून बोललो. पैशांच्या वर्गात चहा सोडायला सांगणारा मास्तर पोरं दुसऱ्या दिवसापासून टाळतात, आणि सहाशे साठमध्ये कुणाचं घर बुडालेलं नाही. बुडतं ते व्याजात. ते पुढे.

४ ऑगस्ट, सोमवार

परवाच्या शनिवारी वर्ग रिकामा. काल कानबाईचा सण, सगळी पोरं आदल्या दिवसापासूनच रोटांच्या तयारीला गावी. येत्या शनिवारी राखी, त्यापुढच्या शनिवारी गोपाळकाला. श्रावणात शनिवार धरणं ही माझी चूक. बुधवार करू म्हटलं तर सत्तावीसला बुधवारीच गणपती. गुरुवार ठरवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पासबुक आणायला सांगितलं होतं. अनेकांनी ते भरून घेतलंच नव्हतं, त्यामुळे आधी बँकेत रांग, मग वर्ग.

सगळ्यात जास्त चर्चा मे महिन्याच्या शेवटी कापल्या गेलेल्या दोन आकड्यांवर: २० आणि ४३६. बऱ्याच जणांची खात्री होती की बँक चोरून पैसे कापते. एकाच्या आजोबांनी त्यावरून बँकेत जाऊन भांडणही केलं होतं. वीस रुपये म्हणजे सुरक्षा विमा, अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दोन लाखांपर्यंत. ४३६ म्हणजे जीवनज्योती, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर दोन लाख, वय १८ ते ५० मध्ये घेता येतो. दोन्ही १ जून ते ३१ मे. कधीतरी फॉर्मवर सही केली, आता कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे घरी कुणाला माहीतच नाही, मग दावा करणार कोण? गृहपाठ दिला: घरात प्रत्येकाच्या पासबुकात हे दोन आकडे शोधा, आणि सापडले तर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बँकेत विचारा.

दुसरा विषय शिष्यवृत्तीचा. दहिवदच्या एकाची महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर 'रक्कम वितरित' दिसते, खात्यात काही नाही. आठ महिने ऑफिसच्या चकरा. त्याचा फोन घेऊन आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघितली. नाव भलत्याच बँकेचं. मागे कुठल्याशा कॅम्पमध्ये अंगठा लावून उघडलेलं खातं, त्याला आधार जोडलं गेलेलं, आणि थेट लाभाचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात. खातं पाच असोत, आधार-डीबीटी एकालाच. त्याचे पैसे तिकडे सुखरूप पडून होते. त्याच वेळी आणखी तिघांनी आपलं बघितलं, एकाचं तसंच निघालं. आजचं सत्र मला वसूल झालं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उधारीचा हिशेब. याच सत्रासाठी सगळा उपक्रम होता असं आता वाटतंय.

सुरुवात डीएपी खताच्या गोणीनं केली. ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना, भाव गोणीवरच छापलेला. कळमसऱ्याच्या मुलानं सांगितलं, गावाजवळच्या कृषी केंद्रात रोखीनं १,३५०, उधारीवर वहीत १,५०० लिहितात, कापूस आला की द्यायचे. "दीडशेच तर जास्त आहेत," वर्गाचं एकमत.

फळ्यावर मांडलं. जूनमध्ये घेतलं, नोव्हेंबरमध्ये दिलं, म्हणजे पाच महिने. १,३५० वर १५० म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. पाच महिन्यांचे अकरा, तर बारा महिन्यांचे? २६.६७ टक्के. मग बाजूला लिहिलं: गावच्या सहकारी सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज, वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंत शून्य टक्के. एका बाजूला सव्वीस, दुसऱ्या बाजूला शून्य.

इथं मी 'बघितलंत ना' अशा थाटात थांबलो, आणि पुन्हा तोंडावर पडलो. शेवटच्या बाकावरचा (तोच, पगारवाला) म्हणाला, "सर, सोसायटी थकीत शे. नवं-जुनं करायले पैसा कोठून आनसू?" ३१ मार्चच्या आत जुनं कर्ज भरलं की नवं मिळतं. भरायला रोख लागते, ती चार दिवसांसाठी सावकाराकडून आणतात, शेकडा काही तरी ठरवून. एकदा तारीख हुकली की शून्य टक्क्यांचं दार बंद, आणि मग कृषी केंद्राचीच वही उरते. म्हणजे अक्कल कमी म्हणून कुणी सव्वीस टक्के देत नाही. मार्च महिन्यात हातात रोकड नसते म्हणून देतो. परत भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मार्चचा रकाना.

मग सगळं सत्र त्याच एका प्रश्नावर: डिसेंबर-जानेवारीत कापसाचे आलेले पैसे ३१ मार्चपर्यंत कसे शिल्लक राहतील? उत्तरं त्यांचीच. पातोंड्याच्या मुलीनं सांगितलं, तिची आजी डाळीच्या डब्यात पैसे ठेवायची, तुरीच्या डब्यात लग्नाचे, मुगाच्या डब्यात बियाण्याचे, आणि मूग संपले तरी तो डबा उघडायची नाही. झालं, 'डबे' हे नाव पक्कं. ढीग आला की त्याच दिवशी डबे पाडायचे. पहिला डबा मार्चचा. तो घरात नको, बँकेत तीन महिन्यांच्या मुदतीनं, म्हणजे मोडायला निदान जावं लागेल.

'शेकडा तीन' म्हणजे वर्षाला किती, यावर अर्धा वर्ग तीन टक्केच म्हणाला. महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस, आणि व्याज थकून मुद्दलात मिळवत गेले तर साडेबेचाळीसच्या वर. एका मुलीनं विचारलं, "बचत गटात पण महिन्याला दोन टक्के घेतात, मग तो पण सावकारच?" सुरेख प्रश्न. दर चढाच आहे, पण ते व्याज गटाच्याच पेटीत राहतं आणि वाटपाला बायकांकडे परत येतं. फरक तिनं स्वतःच शोधला, मी फक्त मान हलवली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीमुळे बाराच जण. विषय आपोआप निघाला. गेल्या आठवड्यात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, बरं झालं. त्याचे किती गेले ते विचारलं नाही. दुसरा लगेच, "आता ऑप्शन शिकतोय सर, ते लीगल आहे." कायदेशीर आहे हे खरं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं गेल्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होते. "म्हणजे सात टक्के फायद्यात," तो म्हणाला. या वयात प्रत्येक जण त्या सातांतलाच असतो.

अमळनेरात शेअरचा विषय निघाला की विप्रो येणारच. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं सुरू झालेली कंपनी, आणि ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन मुलानातवंडांपर्यंत जपले ती घरं आज कुठं आहेत, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. मी ते खोडायच्या भानगडीत पडलो नाही, कारण ते खरं आहे. फक्त विचारलं, याच गावात प्रताप मिल होती, तिच्यावर शेकडो घरं चालायची, तिचं काय झालं? मिल बंद पडली हे सगळ्यांना ठाऊक, पण त्या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. १९५० साली या दोघांपैकी कुठली पुढे जाणार, हे आज सांगणं फार सोपं आहे. "मग दोन्हीत थोडे थोडे ठेवायचे," चहावाला म्हणाला. इंडेक्स फंड, म्हणजे अनेक कंपन्यांत थोडे थोडे पैसे लावणारा फंड, शिकवायला मी एक तास राखून ठेवला होता, तो वाचला.

४ सप्टेंबर, गुरुवार

ठेवी. हे सत्र मी दोनदा पुढं ढकललं होतं, आज घेतलं.

वडील निवृत्त झाले तेव्हा आलेल्या पैशातले बरेचसे त्यांनी एका पतपेढीत ठेवले. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, संचालक ओळखीचे, ऑफिसात गेलं की चहा. एक दिवस शटर खाली. मग ठेवीदारांच्या सभा, अर्ज, तारखा. काही हजार मिळाले, बाकीचे कागदावर. वडील त्यानंतर त्या रस्त्यानं जात नाहीत, बाजाराला लांबून वळसा घालतात. वर्गात एवढंच सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, आणखी कुणाचं? अकरा हात. आपल्या जिल्ह्यात हे काही नवल नाही.

मग फळ्यावर दोन रकाने. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत देतं, व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच, त्याआधी एकच लाख होता. राष्ट्रीयीकृत, खासगी, नागरी सहकारी, जिल्हा बँक, सगळ्या यात आल्या. पतसंस्था, पतपेढी, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी यात नाही. पाटीवर 'सहकारी' आहे म्हणून ती बँक होत नाही, पाटीवर 'बँक' हा शब्द आहे का बघायचं. हे वाक्य वडिलांना कुणी पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर, असा विचार दुपारभर डोक्यात राहिला.

सालदाराच्या मुलानं विचारलं, "पाच लाख कोनाकडे राहतील सर?" हशा पिकला आणि मला बरं वाटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

फसवणूक. लांबण लावलं नाही, कारण पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे सगळ्यांना पाठ. एकानं जुनी सायकल ऑनलाइन विकताना ग्राहकाच्या 'स्कॅन करा, पैसे येतील'ला अडीच हजार गमावलेत. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो हे मात्र त्याला माहीत नव्हतं, तो तीन दिवस लाजून गप्प होता.

नवीन गोष्ट मला कळली. 'खातं भाड्यानं' द्यायची विचारणा कॉलेजच्या पोरांना सर्रास होते: पासबुक, एटीएम आणि सिम द्या, महिन्याला पाच हजार घ्या. किती जणांना विचारणा झाली याला हात वर आले नाहीत, पण नजरा खाली गेल्या, त्यावरून समजलं. लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, पोलीस खात्यावरच्या नावाकडे येतात, खातं गोठतं, आणि त्यातच शिष्यवृत्ती. एरवी मी वर्गात आवाज चढवत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

धो-धो पाऊस. सात जणी आणि एक मुलगा. कागद गुंडाळून ठेवले, गप्पा सोन्यावर गेल्या, जळगाव जिल्ह्यात दुसरं काय होणार. भाव तोळ्याला लाखाच्या पुढे गेलाय, सगळ्यांच्या घरी तीच चर्चा.

दहा ग्रॅमचा दागिना, सोन्याचे सोपे धरून एक लाख. घडणावळ १२ टक्के, एक लाख बारा हजार. त्यावर तीन टक्के जीएसटी, १,१५,३६० झाले. दुसऱ्या दिवशी मोडायला नेला तर घडणावळ आणि कर परत येत नाहीत, पंधरा हजारांहून जास्त रात्रीत गेले. "पण सर, मोडायला घेतं कोण? गहाण ठेवायला घेतात," एक जण म्हणाली. तिच्या आईची पोत दर जूनला बँकेत सोनेतारण जाते आणि जानेवारीत सुटून येते. सात वर्षं. मी तिला म्हटलं, शेकडा तीननं घेण्यापेक्षा तुझी आई शहाणी आहे. मग हॉलमार्क दाखवला: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, जो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे आणि बीआयएसच्या ॲपवर टाकून तपासता येतो. एकीनं तिथंच कानातलं काढून तपासलं. जुनं निघालं, त्यावर नंबरच नव्हता. आजीचं, असं म्हणत परत घातलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फोनचा हप्ता. १५,००० चा फोन, '१५ टक्के फ्लॅट', बारा हप्ते. व्याज २,२५०, हप्ता १,४३७ रुपये ५० पैसे. इथवर सगळे बरोबर. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे कंपनीचे किती पैसे असतात? हजार-चौदाशे. आणि व्याज किती रकमेवर? पूर्ण पंधरा हजारांवर, शेवटपर्यंत. घटत्या शिलकीवर मांडलं की तोच दर २६-२७ टक्क्यांवर जातो. कळमसऱ्याचा मुलगा एकदम, "म्हणजे डीएपीची गोणीच." मला आणखी काही सांगायचं उरलं नाही. कर्ज देणाऱ्यानं तथ्य-विवरण, म्हणजे कर्जाच्या अटींचा गोषवारा, द्यायलाच हवं, त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो, तेवढं मागून घ्या म्हटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटचं सत्र. बारा ठरली होती, सणावारात आणि पावसात अकरा झाली. अहवालात बारा लिहा असं सुचवण्यात आलंय. अकराच लिहिणार.

आज प्रत्येकानं स्वतःच्या पुढच्या ढिगाचे डबे पाडले: कुणाची शिष्यवृत्ती, कुणाची वेचणीची मजुरी, कुणाचा घरचा कापूस. पुढचा ढीग कधी, तोवर किती महिने, मधलं सगळ्यात महाग देणं कोणतं. सालदाराच्या मुलाचा कागद सगळ्यात छोटा. त्यानं दिवाळीच्या सुट्टीतल्या वेचणीच्या मजुरीचा एकच डबा केलाय, त्यावर लिहिलंय 'आखाजी'. वडिलांची पुढची उचल तेवढ्यानं कमी करायची. किती जमेल याचा मी अंदाज केला. फार नाही.

वही नेमानं लिहिणारे सहा उरले. पुढच्या वर्षी पहिल्याच तासाला वर्षाचा कागद, पीपीटी नाही. मार्चच्या आठवड्यात सोसायटीच्या सचिवांना बोलवायचं. आणि एक सत्र मुलांसोबत आयांसाठी, कारण डबे त्यांच्या हातात आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उपक्रम संपला, तरी ही नोंद घालतोय. माझं जुलै-ऑगस्टचं मानधन अजून आलेलं नाही.

काल रात्री कळमसऱ्याच्या मुलाचा फोन. घरी कापूस बारा क्विंटल, पावसानं निम्मा डागाळलेला. खेडा खरेदीवाला दारात येऊन ६,९०० देतो, रोख. लांब धाग्याचा हमीभाव ८,११०, पण सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, नंबर लागेपर्यंत थांबायचं. वडिलांना सगळा देऊन मोकळं व्हायचंय. त्यानं बसून मांडलं: कृषी केंद्राचं देणं २६ हजार, त्यावर महिन्याला दोन-सव्वादोन टक्के, म्हणजे सहाशेच्या आत. चार क्विंटल डागाळलेला आज विकला की ते देणं फिटतं. उरलेला वाळवून थांबवला तर क्विंटलमागे हजार-बाराशे जास्त, आणि त्यातला पहिला डबा मार्चचा.

वडील ऐकून घेत होते म्हणे. मग एकच प्रश्न विचारला: दुकानदार व्याज माल नेल्या दिवसापासून धरतो की पेरणीच्या एकाच तारखेपासून? कारण दुसरा डोस ऑगस्टमध्ये नेला होता, तोही १,५०० नंच लावलाय.

हे माझ्या फळ्यावर नव्हतं. तीन महिन्यांना तेच दीडशे म्हणजे दर कितीवर जातो ते मी फोनवरच मांडून बघितलं, आणि पुन्हा एकदा मांडलं. ४४ टक्क्यांच्या वर. सोमवारी दुकानातली वही घेऊन ये म्हटलंय.